शिडाच्या होडीतून आठ बाटल्या समुद्र

सोलापुरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्याला तारामासा भेटतो तो फॉर्मलिनच्या बरणीत. रंग उडालेला, एक भुजा तुटलेली आणि लेबलावरची अक्षरे पुसट झालेली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत माझीही त्याच्याशी तेवढीच ओळख होती. माझे हक्काचे पाणी म्हणजे आदिला नदीवरचा एकरूख तलाव, ज्याला आम्ही सगळे हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तिथे वर्षभर दर पंधरवड्याला जाळे ओढून मी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा केले होते, त्यामुळे सायक्लॉप्स, डॅफ्निया, रोटिफर ही मंडळी सूक्ष्मदर्शकाखाली येताच ओळखू येत. खाऱ्या पाण्यात यांच्या जागी कोण असते ते स्वतः पाहावे म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघी मैत्रिणी रात्रीच्या एसटीने कोल्हापूर गाठून, पुढे फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. तलावातले बारीक जाळे समुद्रात लगेच तुंबेल, म्हणून मॅडमनी विभागातले 200 मायक्रॉन छिद्रांचे आणि 50 सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचे जाळे सोबत दिले होते.

शिडाची होडी मिळवणे सोपे गेले नाही, कारण आता जवळपास प्रत्येक होडीला मशीन असते. अखेर सर्जेकोटला एका वयस्कर तांडेलांनी, म्हणजे होडी हाकणाऱ्यांनी, आपली सात मीटरची उलांडीची (तोल सांभाळायला बाजूला लाकूड जोडलेली) होडी काढली आणि बाजूला पडलेले शीड पुन्हा बांधले. मशीन नको, हा आमचा हट्ट हौसेचा नव्हता. प्लवकाचे जाळे ताशी दोन-तीन किलोमीटर एवढ्या संथ वेगानेच ओढावे लागते. वेग वाढला की जाळ्याच्या तोंडाशी पाणी तुंबून बाहेरच ढकलले जाते आणि जे नाजूक जीव आत शिरतात ते जाळीवर दाबले जाऊन चिरडतात. मशीनची होडीही हळू चालवता येते हे खरे, पण पंख्याने घुसळलेल्या पाण्यातून आणि बुडबुड्यांतून जाळे ओढायचे नसेल, तर शिडासारखे दुसरे साधन नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झालेले आहे आणि तिथे परवानगीशिवाय नमुने घेता येत नाहीत, म्हणून आम्ही त्याच्या हद्दीबाहेर, उत्तरेला आचऱ्याच्या दिशेने जायचे ठरवले.

वेळापत्रक मात्र आमचे राहिले नाही. या दिवसांत रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर तो उलटून समुद्रावरून येऊ लागतो. म्हणजे पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी परतायचे. मधले दोन-तीन तास वारा पडलेला असे. पहिल्या दिवशी मी चौथ्यांदा घड्याळ पाहिले तेव्हा तांडेलकाका शिडाकडे न बघताच म्हणाले, "चेडवा, वायच थांब, वारो येतलो." वारा आला, पण पाऊण तासाने.

पहाटे निघण्याचा आम्हाला अनपेक्षित फायदा झाला. प्राणिप्लवक रात्री पृष्ठभागाकडे येते आणि उजाडताच खोल उतरते, हे पुस्तकात वाचले होते. इथे ते बाटलीत दिसले. अंधारात ओढलेल्या जाळ्यातून दाट, खिरीसारखा ऐवज येई, तर दुपारच्या बाटलीचा तळही स्वच्छ दिसे. जाळे वर घेताना दोरीवर निळसर ठिणग्या उमटत. त्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाच्या, जो ढवळला गेला की चमकतो.

किती पाणी गाळले गेले ते मोजणारे यंत्र आमच्याकडे नव्हते. काकांनी नारळाचे एक सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, दिले. ते मी पुढच्या टोकाला पाण्यात टाकायचे आणि मागच्या टोकाशी मैत्रिणीने घड्याळ थांबवायचे, असे ठरले. सात मीटरला नऊ सेकंद लागले, तर दहा मिनिटांत होडी सुमारे 465 मीटर सरकते. जाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ 0.196 चौरस मीटर, म्हणजे साधारण 90 घनमीटर पाणी. सोलापूरच्या कित्येक घरांच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते. तशा नव्वद टाक्या गाळून हाती आला तो अर्ध्या बाटलीएवढा गाळ.

त्या गाळात मला जन्मात न पाहिलेले प्राणी भेटले. बाणकृमी काचेच्या सुईसारखे पारदर्शक होते, तोंडाशी आकड्यांची जुडी. हा संपूर्ण संघ, म्हणजे प्राण्यांचा मोठा गट, फक्त समुद्रातच आढळतो, तारामाशाचा संघही तसाच. त्यामुळे एकरूखला मी आयुष्यभर जाळे ओढले असते तरी यातला एकही जीव हाती लागला नसता. खेकड्यांच्या डोक्यावर काटा असलेल्या झोइया अळ्या होत्या, आणि शंखांच्या इवल्या अळ्या तर इतक्या, की मोजणी सोलापूरला जाऊन निवांत करू असे आम्ही ठरवले.

तिथेच चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी. नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवताना टाकणखार (बोरॅक्स) घालून त्याची आम्लता मारायची असते, नाहीतर चुन्याची कवचे हळूहळू विरघळतात. तलावातल्या डॅफ्नियाला असले कवच नसते, त्यामुळे वर्षभर ही काळजी घ्यावी लागली नव्हती आणि ती सवयच लागली नाही. महिन्याभराने दुसऱ्या क्रमांकाची बाटली उघडली, तेव्हा बाणकृमी जसेच्या तसे होते, पण शंखांच्या अळ्यांच्या जागी आकार नसलेले मऊ ठिपके उरले होते. आठही बाटल्यांची तीच गत. वहीत "शंख-अळ्या: विपुल" एवढीच नोंद आहे आणि विपुल हा काही आकडा नव्हे.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारले, "टाकणखार घातला होता का?" परवा मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून पाव किलो घेऊन आले. दुकानदाराने कशासाठी म्हणून विचारले. समुद्रासाठी, असे मी सांगितल्यावर त्याने पुडी बांधता बांधता एकदा वर पाहिले आणि सुटे पैसे मागितले.