विजयी चाल दिसते कशी?

शनिवारी संध्याकाळी लालबागच्या एका चाळीत मी मुलांना बुद्धिबळ शिकवते. न्यायला आलेले आईबाबा पटाभोवती उभे राहतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, कोड्यातली विजयी चाल तुम्हाला इतक्या पटकन दिसते कशी?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी आधी समोरच्याचा राजा बघते. त्याला हलायला कुठली घरं उरलीत ते मोजते. मग सगळे शह तपासते, अगदी वेडगळ वाटणारेसुद्धा. शहाला उत्तरं मोजकीच असतात, त्यामुळे पुढचं डोक्यात धरता येतं.

गेल्या शनिवारचं कोडं घ्या. (घराच्या नावात अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ.) काळा राजा एच-८ च्या कोपऱ्यात, जी-७ आणि एच-७ वर त्याचीच प्यादी, हत्ती ई-८ वर, वजीर लांब बी-२ वर. पांढऱ्याचा घोडा एच-६ वर, वजीर सी-४ वर. खेळी पांढऱ्याची.

नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "घोडा एफ-७, शह." पण तिथे घोडा गेला की आपल्याच वजिराची तिरकी वाट अडते आणि राजा जी-८ वर निसटतो. म्हणजे जी-८ बुजवायला हवं, आणि तेही काळ्याच्याच हातून. तिने वजीर जी-८ वर नेला. ठेवला, पण बोट काही उचलेना.

"टीचर, वजीर जातोय."

"जाऊ दे. पुढे?"

घोड्याचा जोर आहे, म्हणून राजा वजिराला मारू शकत नाही. तिला हत्तीनेच मारावं लागतं. मग घोडा एफ-७, आणि राजा आपल्याच माणसांत कोंडून मात! हिला स्मदर्ड मेट म्हणतात. फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूचं नाव या मातीला चिकटलंय, पण तो जन्मला १७२६ मध्ये. ही मात १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकातही आहे. पाचशे वर्षं झाली, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

नंतर ती म्हणाली, वजिराची चाल तिला आधीच दिसली होती. वजीर जाईल म्हणून तिनेच ती सोडून दिली. बहुतेक मुलांचं इथेच अडतं. चाल दिसते, पण भीतीने तिथल्या तिथे खोडली जाते.

म्हणून घरी कोडी सोडवताना मूल वजीर द्यायला निघालं, तर "अगं, वजीर!" असं ओरडू नका. "पुढे काय?" एवढंच विचारा आणि थांबा.