स्लो कुकरमधील पोर्क शोल्डर: कमी जिन्नस, कमी पाणी

घरच्या घरी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पोर्क शिजवण्याचा माझा प्रयोग आता अशा टप्प्यावर आला आहे, की जिनसांची यादी पाच नावांत संपते: खांद्याचे मांस, मीठ, कांदा, लसूण आणि काळी मिरी. व्हिनेगर लागते, पण ते शेवटी आणि चवीपुरतेच. सुरुवातीला त्यात तयार सॉस, साखर, सुक्या मसाल्यांची पूड असे बरेच काही होते. त्यातील एकेक जिन्नस वगळत गेलो आणि दर वेळी चवीत काय उणे पडते ते पाहिले. बहुतेक वेळा काहीच उणे पडले नाही. हे जेवण खऱ्या अर्थाने सोपे होते ते मांसाचा योग्य भाग निवडल्याने आणि पाणी हात राखून घातल्याने, या निष्कर्षापर्यंत मी आलो आहे आणि ही नोंद मुख्यतः त्याविषयीच आहे.

मांसाच्या निवडीवर या जेवणाचे बरेवाईट निम्म्याहून अधिक अवलंबून असते. खांदा हा जनावराच्या शरीरातील सतत कष्टणारा भाग असल्यामुळे त्यात संयोजी ऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट धागे, भरपूर असतात आणि त्या ऊतींमधील कोलॅजन हे प्रथिन हेच आपले खरे भांडवल असते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे कोलॅजन आकसू लागते, त्यामुळे मांसातील पाणी पिळून निघते आणि तुकडा काही काळ चिवट होत जातो. ७० अंशांच्या वर तेच कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन, म्हणजे रसाला दाटपणा देणारा मऊ पदार्थ, होऊ लागते आणि ८० अंशांनंतर या क्रियेला वेग येतो. मधल्या अवस्थेत मांस काढून चाखले, तर ते फार शिजून वातड झाले आहे असा समज होण्याचा धोका असतो. वास्तविक ते अजून पुरेसे शिजलेलेच नसते. लॉइन म्हणजे पाठीचा भाग मात्र या मार्गाने जात नाही. त्यात कोलॅजनही कमी आणि चरबीही कमी, त्यामुळे ६५ अंशांच्या पुढे तो केवळ कोरडा होत जातो आणि आठ तास ठेवला तर रस्सा कितीही असला तरी त्याचे तंतू भुशासारखे लागतात. हाती लॉइनच असेल, तर त्याला दोन-तीन तासांचा बेत द्यावा, थर्मामीटर लावून वेळेवर बाहेर काढावा आणि काप करून वाढावा; काट्याने विस्कटण्याचा हट्ट त्याच्याबाबतीत धरू नये.

येथे सुरक्षितता आणि मऊपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ पासून पोर्कच्या अखंड तुकड्यासाठी आतील तापमान ६३ अंश सेल्सिअस आणि त्यानंतर ३ मिनिटांचा विसावा इतके पुरेसे मानले आहे. खांद्याचे मांस त्या तापमानाला खाण्यास सुरक्षित असते, पण चावण्यास अवघड असते. मी थर्मामीटर वापरतो तो मुख्यतः दुसऱ्या टोकासाठी: ९० ते ९५ अंशांच्या पट्ट्यात, तुकड्याच्या मध्यभागी, हाडाला न टेकवता.

उपकरणाकडे वळतो. ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन खुणांमध्ये फरक असतो तो मुख्यतः वेळेचा. बहुतेक कुकर दोन्ही खुणांवर शेवटी उकळबिंदूच्या थोड्या खालच्या जवळपास सारख्याच तापमानाला पोहोचतात, फक्त ‘लो’वर तेथे पोहोचायला बराच अधिक वेळ लागतो. खांद्यासाठी मी ‘लो’ पसंत करतो, कारण ७० ते ९० या पट्ट्यात मांस जितके रेंगाळेल तितके कोलॅजनला विरघळायला मिळते आणि त्या मानाने बाहेरचा थर कमी सुकतो. मात्र प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून नवीन किंवा बराच जुना कुकर वापरण्यापूर्वी एक साधी चाचणी करून घ्यावी. भांडे अर्धे ते दोन तृतीयांश पाण्याने भरावे, झाकण लावून ‘लो’वर आठ तास ठेवावे आणि झाकण काढताक्षणी पाण्याचे तापमान मोजावे. ते ८५ ते ९३ अंशांच्या दरम्यान असेल तर कुकर ठीक आहे. त्याहून कमी असेल, तर मांस जीवाणूंना पोषक अशा तापमानात फार वेळ राहते आणि तो कुकर मांसासाठी वापरू नये. अधिक असेल, तर पाककृतीतील वेळ कमी करावी. ही चाचणी केल्यावर मला इतरांच्या वेळापत्रकांकडे पाहण्याची गरज फारशी उरली नाही, आणि प्रत्येकाने ती करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मीठ मी आदल्या रात्रीच लावतो. दीड किलोच्या तुकड्याला १५ ते १८ ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या एक ते सव्वा टक्का, सर्व बाजूंनी चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवला, की सकाळपर्यंत ते आत बऱ्यापैकी मुरते. शिजताना घातलेले मीठ रश्श्यात राहते आणि मांसाचा गाभा अळणी लागतो. रात्रभर मुरलेल्या मिठाने तोच गाभा चवदार होतो, शिवाय पाणीही थोडे अधिक धरून ठेवतो. वजनकाटा हाताशी असला म्हणजे या बाबतीत अंदाजावर विसंबावे लागत नाही. गोठवलेले मांस थेट कुकरमध्ये घालू नये, कारण त्याचा गाभा ६० अंशांपर्यंत यायला फार वेळ लागतो; ते फ्रिजमध्येच पूर्ण वितळू द्यावे.

मांस आधी तव्यावर परतून तांबूस करावे की नाही, याबद्दल शौकिनांमध्ये नेहमी मतभेद होतात, म्हणून एकाच तुकड्याचे दोन भाग करून एक परतलेला आणि एक तसाच असे शेजारी शेजारी ताडून पाहिले. मऊपणात आणि रसाळपणात फरक जाणवला नाही. परतल्याने रस आत कोंडला जातो ही समजूत टिकणारी नाही. परतलेल्या तुकड्यातूनही रस सुटतोच. फरक होता तो रश्श्याच्या रंगात आणि खमंगपणात, कारण तांबूस होण्याची मेलार्ड क्रिया जोमाने घडायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो आणि कुकरच्या ओलसर वाफेत ते कधीच घडत नाही. माझा कल आता परतण्याचे काम सकाळी न करता शेवटी करण्याकडे झुकला आहे, ज्याविषयी पुढे लिहितो. सकाळी परतायचेच असेल, तर तव्याला चिकटलेला तांबूस थर दोन चमचे पाण्याने खरवडून कुकरमध्ये अवश्य घालावा, कारण सर्व चव त्यातच असते.

आता पाण्याविषयी. बंद झाकणाखाली बाष्पीभवन जवळजवळ होत नाही आणि वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, म्हणून गॅसवरच्या पातेल्याचे प्रमाण येथे लागू पडत नाही. तळाशी दोन मोठे कांदे जाड कापून अंथरायचे, त्यावर लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, त्यावर चरबीची बाजू वर करून मांस, आणि कडेने फक्त १०० मिलीलिटर पाणी. इतके पाणी सुरुवातीला अपुरे दिसते, कांदेही पुरते भिजत नाहीत. तिसऱ्या तासाच्या सुमारास काचेच्या झाकणातून पाहिले, तर कांद्यांच्या फटींत रस चमकू लागलेला असतो, आणि आठव्या तासाला मांस निम्म्यापर्यंत स्वतःच्याच रसात बसलेले असते. हाच रस जिलेटिनने समृद्ध असतो. तो बोटांवर घेऊन चोळला तर किंचित चिकट लागतो आणि थंड झाल्यावर थरथरणारा गोळा होतो. सुरुवातीला अर्धा लिटर पाणी घातले, तर मांस तितकेच शिजते, पण रस्सा पांचट होतो आणि तो पुढे आटवत बसावा लागतो. माझ्या मते स्लो कुकरमधल्या बेचव जेवणाचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. मात्र भांडे निदान निम्मे भरलेले असावे आणि दोन तृतीयांशाच्या वर जाऊ नये, हे पथ्य पाळावे. मोठ्या कुकरमध्ये छोटा तुकडा ठेवला तर तो कडेने सुकतो.

झाकण उघडण्याचा मोह आवरणे अगत्याचे आहे, कारण प्रत्येक वेळी साठलेली वाफ निघून जाते आणि शिजण्याची वेळ १५ ते २० मिनिटांनी वाढते. मी ते सात तासांनंतरच प्रथम उघडतो. काटा तुकड्याच्या सर्वांत जाड भागात खुपसून हलकेच पिळतो: तो अडखळला तर झाकण लावून आणखी पाऊण तास, आणि तंतू आपोआप सुटून काटा फिरला तर मांस झाले. या वेळी थर्मामीटर बहुधा ९३ ते ९५ दाखवतो. धुरावर किंवा उघड्या आचेवर मोठे तुकडे शिजवणाऱ्यांना ७० अंशांच्या आसपास तापमान तासन्‌तास अडून राहण्याचा अनुभव असतो. पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाने मांस थंड होत राहते म्हणून ते घडते. बंद कुकरमध्ये ही अडचण येत नाही, आलेख सावकाश पण सरळ चढत जातो.

भाज्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली आहे. स्लो कुकरमध्ये उष्णता भांड्याच्या भोवतीने येते. इर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये मिळालेल्या अमेरिकन पेटंटमध्येही हीच रचना आहे आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलेल्या कुकरपासून ती घरोघरी पोहोचली. त्यामुळे बटाटे आणि गाजरे मांसाच्या वर नव्हे, तर खाली व कडेला लागूनच ठेवावीत, कारण त्यांना मऊ व्हायला मांसाइतकाच वेळ लागतो. आंबट पदार्थ सुरुवातीला घातले, तर आम्लामुळे भाज्यांमधील पेक्टिन, म्हणजे त्यांच्या पेशी जोडून ठेवणारा पदार्थ, लवकर सैल होत नाही आणि आठ तासांनंतरही बटाटा दाताखाली टणक लागतो. व्हिनेगर शेवटी घालण्याचे मूळ कारण हे आहे. त्याचा ताजा आंबटपणाही अर्थातच तेव्हाच टिकतो. दूध किंवा साय घालायची असल्यास शेवटच्या अर्ध्या तासात घालावी, अन्यथा ती फाटते.

शेवटची वीस मिनिटे मी या पद्धतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानतो. मांस परातीत काढून पंधरा मिनिटे निवू द्यायचे. तेवढ्या वेळात रस गाळून उभट भांड्यात ओतायचा, वर आलेली चरबी डावाने काढायची आणि खालचा रस पसरट पॅनमध्ये मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवायचा. कांदे आणि लसूण त्यातच कुस्करले, तर दाटपणासाठी वेगळे पीठ लागत नाही. मांस दोन काट्यांनी विस्कटताना फार बारीक करू नये. बोटाएवढ्या जाडीचे तुकडे राहिले तर रस धरून ठेवतात, अगदी धागे केले तर सुकतात. त्यातील निम्मे मांस ट्रेवर पसरून, चमचाभर काढलेली चरबी शिंपडून, तापलेल्या ग्रिलखाली चार-पाच मिनिटे ठेवायचे, म्हणजे टोके कुरकुरीत व तांबूस होतात. ते उरलेल्या मऊ मांसात मिसळून वर आटवलेला रस, ताजी मिरी आणि व्हिनेगर घातले, की सकाळी तव्यावर परतून मिळाला असता त्याहून अधिक खमंगपणा मिळतो. वाढण्यास उशीर होणार असेल, तर ‘वॉर्म’ खूण पुरेशी आहे. ती अन्न ६० अंशांच्या वर राखते, मात्र तेथे फार वेळ ठेवल्यास मांस पिठूळ होते.

उरलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यांत, त्याच्या रसासह फ्रिजमध्ये जावे. पुन्हा गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरू नये, कारण तो फार सावकाश तापतो; पॅनमध्ये झाकण ठेवून चांगली वाफ आणावी. फ्रिजमधून काढलेले सिरॅमिकचे भांडे तापलेल्या बैठकीवर ठेवले तर तडकते, म्हणून मांस त्या भांड्यातच साठवण्याचे टाळावे.

सध्या हाडासह आणि हाडाविना अशा सारख्या वजनाच्या दोन तुकड्यांची तुलना हाती घेतली आहे. हाडामुळे गाभा तापायला किती वेळ अधिक लागतो हे थर्मामीटरने दर तासाला नोंदवायचे आहे, आणि त्यासाठी झाकण उघडावे लागू नये म्हणून वायरच्या टोकाचा प्रोब (थर्मामीटरची सुई) सुरुवातीलाच मांसात बसवणार आहे. ज्यांनी असा प्रोब वापरला आहे, त्यांनी झाकणाच्या कडेतून वाफ निसटू नये म्हणून काय केले ते कळवावे. मी तूर्त फॉइलची घडी करून ती फट बुजवण्याचे ठरवले आहे.