वेर्ण्यात वशिल्याशिवाय घेतात का?

गोव्यातल्या साखळी-डिचोलीकडची नुकती बीएस्सी झालेली मुलं मला हटकून विचारतात, ‘ताई, वेर्ण्यात वशिल्याशिवाय घेतात का हो?’ मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात क्यूसीत, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे, हल्ली मुलाखतींनाही बसते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: घेतात. पण जागा आहे हे कळायला ओळखी लागतात.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि बाबांचा ट्रक दारात उभा राहिला. तेव्हा मी सगळ्या काका-मामांकडे बायोडेटा दिला होता. त्या सगळ्यांना ठाऊक होत्या त्याच चार कंपन्या. जागा कळली ती जत्रेच्या नाटकाला पेटी वाजवायला येणाऱ्या काकांकडून. वर्षातून दोनदा दिसणारा माणूस! अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७३ च्या लेखातल्या छोट्या पाहणीत हेच आढळलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत असत.

अशा माणसाला ‘कुठेतरी चिकटवा’ म्हणू नका, तो अवघडतो. पेटीवाल्या काकांना मी विचारलं होतं, ‘तुमच्या लॅबमध्ये कुठली मशीनं आहेत? फ्रेशर कधी घेतात?’ ते अर्धा तास बोलत होते.

मुलाखतीत माझा ठरलेला प्रश्न असतो: रिझल्ट मर्यादेबाहेर आला तर काय कराल? बहुतेक जण चटकन म्हणतात, ‘परत टेस्ट करीन.’ तिथेच चुकतं. आधी हात थांबवायचा. द्रावण ओतून टाकायचं नाही, वरिष्ठांना सांगायचं, मग आकडेमोड, स्टँडर्ड, मशीन तपासायचं. गेल्या पावसाळ्यात फोंड्याची एक मुलगी आली होती. नियम तिला ठाऊक नव्हता, इंग्रजी अडखळत होतं. जरा थांबून म्हणाली, ‘प्रोजेक्टला माझं टायट्रेशनचं रीडिंग भलतंच आलं होतं. फ्लास्क तसाच ठेवला, सरांना बोलावलं. ब्युरेटच्या तोटीखाली बुडबुडा अडकला होता.’ तो कुठे होता ते तिने बोटाने हवेत दाखवलं. आम्ही तिला घेतलं. हातून घडलेलं असं एक काम तपशिलासकट सांगता आलं, तर पाठ केलेली दहा उत्तरं लागत नाहीत.

निकाल काहीही लागो, ज्यांनी जागा कळवली त्यांना फोन करा. मुलं हे विसरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. काकांनी सांगितलेल्या जागेवर माझी निवड झाली नव्हती. ते कळवायला फोन केला, तेव्हा त्यांनी शेजारच्या कंपनीतली दुसरी जागा सांगितली.