तुम्ही विचारलंत म्हणून: आडनाव का नाही बदललं?

साताऱ्याला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहेरचंच आडनाव कसं गं, सासरचे काही म्हणत नाहीत का? नाही म्हणत. मी कॅनडात मॉन्ट्रियलला असते, नवरा इथलाच फ्रेंच बोलणारा, आणि आमच्या क्यूबेक प्रांतात 1981 पासून कायदाच आहे की लग्न झालं तरी बाईचं कागदोपत्री नाव जन्माचंच राहतं. पण ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे, ती मला सासूबाईंनी दाखवली.

त्या रिटायर झाल्यापासून स्वतःच्या माहेरची वंशावळ काढतायत. माहेर देजार्दां. एका रविवारी त्यांनी लॅपटॉपवर कामुरास्का गावच्या चर्चचं जुनं रजिस्टर उघडून दिलं, लग्नाची नोंद, तिरकं बारीक अक्षर, शाई फुटलेली, नवऱ्याचं नाव मग त्याचे आईवडील, नवरीचं नाव मग तिचे आईवडील, आणि दोन्ही आयांची नावं त्यांच्या माहेरच्या आडनावासकट! खाली पाद्र्याने लिहिलंय की नवरानवरी दोघांनाही सही येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची निरक्षर बाई, पण बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्हीकडे तिचं तेच आडनाव, त्यामुळे ती हरवतच नाही. एका लग्नावरून आईवडिलांच्या लग्नावर, तिथून त्यांच्या आईवडिलांच्या, असं वर वर जायचं. रजिस्टरच्या दोन प्रती करायची पद्धत होती, एक चर्चमध्ये आणि एक सरकारजमा, म्हणून चर्च जळालं तरी बऱ्याचदा नोंद वाचली. आणि मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीत 1966 पासून या सगळ्या जुन्या नोंदी जुळवून घराणी उभी करायचं काम चाललंय, त्याचा केवढा आधार होतो.

तरी आम्ही अडकलोच. वर गेल्यावर देजार्दां गायब आणि त्याच घरात रुआ, स्पेलिंग आपल्या बंगाली रॉयसारखं. मला वाटलं चुकून दुसऱ्याच घराण्यात शिरलो. सासूबाईंनी बोटाने एक छोटा शब्द दाखवला, ‘दी’. रुआ दी देजार्दां. आपलं ऊर्फ म्हणा ना! 1665 साली कारिन्यां-सालियेर रेजिमेंटचे हजार-बाराशे सैनिक फ्रान्सहून इथे आले, त्यातले चारेकशे राहिले, आणि सैन्यात बहुतेकांना टोपणनाव असायचं, लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे ज्याला कसली चिंता नाही तो. तीच नावं पोरांना चिकटली. सगळीच ऊर्फ सैन्यातली नाहीत, काही गावावरून, काही नुसती एका नावाची घरं वेगळी ओळखायला. मग एक भाऊ रुआ लावतो, दुसरा देजार्दां, आणि पुढच्या पिढ्यांना पत्ताच नाही की आपण एकाच घरातले. इथे गल्लोगल्ली देजार्दांची पतपेढी दिसते ना, ती 1900 साली लेव्ही गावात सुरू करणारे अल्फोन्स देजार्दां, त्यांचे वडील रुआ दी देजार्दां आणि आई मिव्हिल दी देशेन. म्हणजे ‘दी’ माहीत नसेल तर अर्धं क्यूबेक सापडणार नाही.

मला सगळ्यात आवडतो तो सासूबाईंनी वेगळ्या कागदावर काढलेला दुसरा जिना. आई, आईची आई, तिची आई, नुसत्या बायका. दहा पिढ्या झाल्यात आणि प्रत्येकीपुढे तिचं स्वतःचं आडनाव आहे, मी तो कागद फ्रिजवर लावलाय.

लेकीसाठी माझ्या बाजूचा तसाच कागद करायला घेतला. मी, आई, आजी लिहून झालं. आजीचं तर लग्नात नावसुद्धा बदललेलं, माहेरचं नाव काय होतं ते मोठ्या मामीने सांगितलं. आजीची आई कोण, कुठल्या घरची, तिथे कुणालाच माहीत नाही. मामा म्हणाला पाटणजवळ आजीची एक मावसबहीण अजून आहे, नव्वदीची, ऐकू कमी येतं पण आठवण पक्की आहे, दिवाळीत जाऊन विचारतो. मी म्हटलं दिवाळीपर्यंत थांबू नकोस रे मामा, या रविवारीच जा.