कातळ, पुळण आणि काळी: तंबूच्या खुंट्या घेऊन राजापूर ते मंगळवेढा

दुकानातून तंबू आणला की त्याच्या पिशवीत खुंट्यांची एक लहानशी पुरचुंडी निघते. वीतभर लांबीच्या, बारीक तारेच्या, वर आकडा वळवलेल्या. हिरवळीच्या मऊ, ओलसर मातीत त्या चांगल्या बसतात. आपल्याकडे तशी जमीन शोधत फिरावं लागतं. कोकणात सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळ, किनाऱ्याला पुळण, म्हणजे सुटी वाळू, घाट चढून वर आलं की मुरूम आणि पूर्वेला काळी माती. म्हणून गेलं वर्षभर मी वेगवेगळ्या जमिनींसाठी वेगवेगळ्या खुंट्या करून बघतोय. कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथे त्या बनतात. जानेवारीत चार प्रकारचे नमुने, एक हातोडा आणि सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा गाडीत टाकून आम्ही दोघं अणुस्कुरा घाटाने खाली उतरलो.

नमुने कोणते ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पहिला ईएन-८ पोलादाचा, ८ मिलिमीटर जाडीचा सरळ खिळा, टोकाला पाणी पाजलेला. दुसरा ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचा, वाय आकाराच्या छेदाचा. हल्ली ट्रेकर मंडळी वापरतात तोच, वजनाला अगदी हलका. तिसरा १८ गेजच्या पत्र्याची पन्हाळी वाकवून केलेला, ३० सेंटिमीटर लांब, अंगभर भोकं पाडलेली. चौथा २५ बाय ३ च्या लोखंडी अँगलचा, टोक तिरकं कापलेलं. मांडव घालणारे वापरतात त्या मेखेचाच हा भाऊबंद, पण लांबीला जास्त.

पाचल, ओणी करत राजापूरच्या बाजूला आलो आणि पहिला मुक्काम एका आंब्याच्या बागेत केला. मालकांची परवानगी होती. बागेला लागूनच एक चिरेखाण, म्हणजे जांभा दगडाचे चिरे कापायची खाण. सड्यावर तंबू ठोकायचा बेत नव्हताच. या भागात बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब. जांभ्याच्या उघड्या पाठीवर माणसाने कोरलेलं ते काम पाहिल्यावर तिथे हातोडा उचलावासाच वाटत नाही, आणि उचलूही नये. अनेक शिल्पं मातीच्या पातळ थराखाली दडलेली असतात, आपण कुठे ठोकतोय ते वरून कळत नाही.

चिरेखाणीत मात्र मनसोक्त ठोकता आलं. जांभ्याची एक गंमत आहे. जमिनीखालून नुकता कापलेला चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा-ऊन लागलं की तो टणक होत जातो. त्यामुळे खाणीच्या ताज्या तळात पोलादी खिळा चार घावांत निम्मा गेला. तोच खिळा वरच्या जुन्या कातळावर टणटण वाजत उडाला. वाय आकाराच्या ॲल्युमिनियमचं डोकंच एका बाजूला बसलं. जांभ्यात बारीक नळ्यांसारखी भोकं असतात. नशिबाने टोक अशा भोकात शिरलं तर खिळा आत जातो, पण मग तो धरून ठेवतात त्या भोकाच्या कडा, आणि वाऱ्याच्या हिसक्यांनी त्या झिजतात. थोडक्यात, कातळावर खुंटी हा पर्यायच नाही.

मग काय करायचं? बागेत काम करणाऱ्या गड्याने दाखवलं. तणाव्याला, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोरीला, मोठी फासाची गाठ मारून त्यात हातभर काठी आडवी घातली. त्या काठीच्या पुढे, म्हणजे तंबूच्या बाजूला, एक मोठा चिरा ठेवला. तणाव्यावर ओढ आली की काठी चिऱ्याला मागून येऊन भिडते आणि चिरा जमिनीवर घासत ओढावा लागतो, तो काही सहज हलत नाही. दोरी थेट दगडाभोवती बांधली की जांभ्याच्या खरखरीत अंगावर ती घासून तुटते. इथे दोरी दगडाच्या खालून मोकळी जाते. त्याचं हे काम बघून मी नमुन्यांत एक बदल लगेच ठरवला: अँगलच्या खुंटीला मधोमध एक भोक. म्हणजे जिथे ठोकता येत नाही तिथे तीच खुंटी आडवी काठी म्हणून कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी खाली किनाऱ्याला गेलो. जानेवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. राजापूरच्या किनाऱ्यांवरही घरटी होतात, म्हणून भरतीच्या रेषेजवळ खणणं किंवा तंबू टाकणं सोडूनच दिलं आणि एका काकूंच्या माडांच्या वाडीत, मागच्या पुळणीत जागा मागितली. काकू म्हणाल्या, "टाका हो, पण पुळणीत खुंटी टिकायची नाय. आमचा मांडवसुद्धा डब्यात काँक्रीट ओतून उभा करतात."

पुळण कशी सुटते ते डोळ्यांनी दिसतं. सरळ खिळा ठोकला, काट्याचा आकडा त्याला अडकवला आणि हळूहळू ओढलं. खिळ्याच्या पुढे वाळूचा छोटा उंचवटा वर आला, मागे फट पडली, त्या फटीत वाळू आपोआप ओघळली. खिळा कलला आणि बाहेर. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांशी धरून ठेवणारं काही नसतं, फक्त घर्षण. त्या घर्षणाला जोर येतो वरच्या वाळूच्या वजनातून, म्हणजे खोलीतून. स्वीडनचे बेंग्ट ब्रॉम्स यांनी १९६४ मध्ये खांबांवरच्या आडव्या भाराचा जो हिशेब मांडला, तो लहान, ताठ खुंटीलाही लावता येतो. त्यानुसार वाळूत खोली दुप्पट केली की आडवी पकड साधारण चौपट होते. रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. तेव्हा पुळणीसाठी खुंटी करताना पहिला पैसा लांबीवर घालायचा, नंतर रुंदीवर.

भोकांची पन्हाळी उभी ठोकल्यावर खिळ्यापेक्षा कितीतरी चांगली बसली. पण खरं काम झालं ते ती आडवी गाडल्यावर. कोपरापर्यंत हात जाईल एवढा चर खणला, पन्हाळीच्या मधल्या भोकातून दोरी बांधली, पन्हाळी तणाव्याला काटकोनात आडवी ठेवली. दोरीसाठी तंबूच्या दिशेने एक तिरकी अरुंद घळ कापली. ही घळ कापली नाही तर दोरी सरळ वर ओढते आणि पन्हाळी उचलली जाते. मग वाळू ढकलली, पायाने दाबली, वर बादलीभर पाणी. आता काट्याने ओढून काही होईना. ५० किलोचा काटा संपला. काकूंनी पन्हाळीऐवजी माडाच्या झावळीचं जाड देठ गाडून दाखवलं, तेही तितकंच घट्ट. वाळूत हे काम धातूचं कमी आणि आडव्या रुंदीचं जास्त आहे. वाडीत देठं पडलेली असतील तर पन्हाळी घरी ठेवा.

एक गोष्ट किनाऱ्यावर तंबू टाकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. संध्याकाळी समुद्राच्या बाजूचे तणावे पक्के करून झोपलं की पहाटे ओढ नेमकी दुसऱ्या बाजूला असते. चारही कोपऱ्यांना तेवढाच वेळ द्यायला हवा.

रत्नागिरीहून सोलापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ म्हणजे माझ्या कामासाठी मातीचं प्रदर्शनच आहे. पालीपर्यंत लाल जांभा, आंबा घाट चढून मलकापूरला तांबूस-तपकिरी माती, कोल्हापूर-मिरजेला नदीकाठची भारी जमीन, सांगोल्याला डाळिंबांची मुरमाड माळरानं आणि मंगळवेढ्याला पोचलं की क्षितिजापर्यंत काळी. सांगोल्याजवळ चहाला थांबलो तेव्हा रस्त्याकडेच्या माळावर चारही नमुने ठोकून पाहिले. मुरमात पोलादी खिळा सगळ्यांत सरस: खडे बाजूला सारत जातो आणि नंतर तेच खडे त्याला आवळून धरतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. मुरमात बारीक, कडक आणि ठोकता येईल अशी खुंटी घ्यावी, बस.

मंगळवेढ्याची काळी हा मात्र या सगळ्या प्रवासाचा गाभा. ही ज्वारीची जमीन. जानेवारीत शाळूची कणसं भरलेली, हुरड्याचे दिवस. ओळखीच्या एका आबांच्या शेतावर उतरलो. बेसॉल्ट कुजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. पावसाळ्यानंतर ओल उतरत गेली की रानाला भेगा पडतात, हाताचा पंजा आत जाईल एवढ्या. खुंटी भेगेजवळ ठोकली की ओढ बसताच भेगेच्या दिशेने अख्खं ढेकूळ सुटतं, म्हणून दोन भेगांच्या मधली जागा निवडायची. तिथे जमीन इतकी टणक की वाय आकाराची खुंटी दगडाने ठोकताना डोक्याला चेमटली. अँगल मात्र हातोड्याच्या घावांनी सरळ गेला.

आबांच्या बांधाला लसूणघासाचा एक वाफा होता, आदल्याच दिवशी पाणी दिलेला. तीच माती, पण ओली. तिथे सगळंच बदललं. अँगल हाताने दाबून गेला. काट्याने ओढलं तेव्हा तो उपटून आला नाही. थोडा कलला आणि थांबला. तसाच ताण ठेवून आम्ही हुरडा खायला बसलो. उठून पाहतो तर आणखी कललेला, काट्यावरचं वजन उतरलेलं, दोरी ढिली. वाळू एकदम सुटते, ही ओली काळी सरकत राहते. तंबू पडत नाही, सैल होत जातो, मग कापड फडफडायला लागतं आणि प्रत्येक फडफडीचा हिसका खुंटीला बसतो. आषाढी वारीच्या वाटेवर पावसात दिंड्यांच्या राहुट्यांचे तणावे दर थोड्या वेळाने कुणीतरी आवळत फिरत असतं, ते याच मातीमुळे.

चिकणमातीत लांबी दुप्पट केली तर पकड वाळूसारखी चौपट होत नाही, साधारण दुप्पटच होते. म्हणून इथे नुसतं लांब जाऊन भागत नाही, रुंद पान हवं. काळ्या मातीत घरं बांधणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलला खाली सुरणाच्या कंदासारखा फुगवटा असतो, खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीचपट. वरचा थर फुगो-आक्रसो, फुगवटा खालच्या स्थिर ओलीत बसलेला असतो. तंबूच्या खुंटीला फुगवटा देता येत नाही, कारण पहाटे ती उपटायची असते. उपटता येणं ही निम्मी रचना आहे, हे बांधकामवाल्यांना लागू नाही, आपल्याला आहे. म्हणून मी दुसरी वाट धरली: अँगलच्या खालच्या तिसऱ्या भागाला दोन्ही बाजूंनी पातळ पंख जोडायचे, वर जाताना निमुळते, म्हणजे उपटताना माती अडणार नाही. त्या चार नमुन्यांखेरीज असा एकच पाचवा नमुना बरोबर होता. लसूणघासाच्या वाफ्यात तोही सरकला, पण साध्या अँगलपेक्षा बराच हळू.

कोन सगळीकडे एकच ठेवला होता: डोकं तंबूपासून दूर कललेलं, टोक तंबूकडे, खुंटी आणि तणावा यांच्यात काटकोन. आणि दोरी जमिनीला टेकून. खुंटी बोटभर वर राहिली आणि दोरी तिच्या डोक्याला असली तरी तरफ तयार होते आणि ओल्या काळीत ती लगेच कलते.

आबा हे सगळं बघत होते. पंखवाली खुंटी हातात घेऊन, पंखांवरची माती अंगठ्याने काढत म्हणाले, "पावसात ह्यो हलतोय का न्हाई ते एका दिवसात न्हाई कळायचं. जनावर बांधा ह्याला." गोठ्यासमोर दावणीच्या कडेला त्यांनी ती स्वतःच ठोकली आणि एक खोंड तिला बांधलं. खोंड दिवसभर चारही बाजूंनी हिसके देतं, वाऱ्यापेक्षा वाईट. खुंटी आता तिथेच आहे. मृगाचा पाऊस पडून रान पिचपिचीत झालं की आबा फोन करणार आहेत, आणि मगच पंखांची रुंदी ठरेल.