मालक बदलत होता, त्यात तुमचं काय जात होतं?

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. कोल्हापुरातले मित्र विचारतात आणि इथे डर्बीत माझ्याबरोबर काम करणारी, क्रिकेटपलीकडे न बघणारी मराठी मंडळीही विचारतात. 2021 च्या सप्टेंबरपासून 2022 च्या जुलैपर्यंत आमचा फुटबॉल क्लब, डर्बी काउंटी, दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात होता आणि गिऱ्हाईकाची वाट बघत होता. तेव्हाची माझी अवस्था ज्यांनी पाहिली ते अजून म्हणतात, तुमचा त्यात एक पैसा अडकलेला नव्हता. एक कंपनी बुडाली, दुसरा कोणीतरी घेणार. मग एवढी तडफड कशाची?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. आजवर मी दोन वाक्यांत विषय मिटवत आलो आणि त्यातून कुणाला काही कळलं नाही.

डर्बी हे अडीच-पावणेतीन लाख वस्तीचं कामगारांचं गाव. रेल्वेचे डबे आणि विमानांची इंजिनं यांवर पोसलेलं. क्लबची स्थापना 1884 ची, आणि 1888 साली ज्या 12 क्लबांनी फुटबॉल लीग सुरू केली त्यांतला हा एक. इथल्या म्हाताऱ्या माणसांना दिवाळखोरी काय असते हे कुणी शिकवायला नको. 1971 च्या फेब्रुवारीत आरबी 211 या इंजिनाच्या खर्चाखाली रोल्स-रॉइस बुडाली, तेव्हा सारं गाव हादरलं होतं. त्यानंतरच्या वर्षी प्रशिक्षक ब्रायन क्लफच्या हाताखाली डर्बी काउंटी इंग्लंडचा विजेता झाला. स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसणारे आजोबा या दोन गोष्टी एका दमात सांगतात. पण रोल्स-रॉइस बुडू देणं सरकारला परवडणारं नव्हतं, म्हणून ती सरकारने ताब्यात घेतली. फुटबॉल क्लबच्या मागे असं कोणी उभं राहत नाही. कोणी विकत घेतला तर तो जगतो, नाहीतर मिटतो.

प्रशासक नेमले गेले त्याच दिवसांत लीगने नियमाप्रमाणे 12 गुण कापले. नोव्हेंबरात जुन्या हिशेबांतल्या गैरप्रकारांसाठी आणखी 9 कापले. एकूण 21. ज्या खेळाडूंनी हंगामभर जीव तोडला, त्यांच्यापैकी एकानेही त्या हिशेबवह्यांवर सही केली नव्हती. त्या संघाने मैदानावर 55 गुण कमावले. त्या वर्षी 41 गुणांवरचा संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, टिकला. आमच्या नावापुढे 34 लागले आणि आम्ही तिसऱ्या श्रेणीत, लीग वनमध्ये, उतरलो. ही शिक्षा क्लबला, असं म्हणतात. ज्याच्या निर्णयांमुळे ती झाली तो मालक तोवर बाजूला झाला होता. ती भोगली खेळाडूंनी, नोकऱ्या गेलेल्या कर्मचाऱ्यांनी आणि आम्ही. शिक्षा नसावी असं मी म्हणत नाही. पैसे बुडवून जिंकणाऱ्याला काही भोगावं न लागणं हा दुसऱ्या क्लबांवर अन्याय आहे. पण ती योग्य माणसाच्या दारात पोचत नाही, हे मला आजही पटत नाही.

आता गिऱ्हाईक का मिळत नव्हतं ते सांगतो, कारण खरी घुसमट त्यात होती. क्लब एकाच्या ताब्यात आणि मैदान दुसऱ्याच्या. प्राइड पार्क हे आमचं मैदान 2018 साली आधीच्या मालकाने आपल्याच दुसऱ्या कंपनीला 8 कोटी पौंडांच्या आसपास विकलं होतं, म्हणजे क्लबच्या पुस्तकात नफा दिसावा. त्यामुळे नव्या माणसाला आधी प्रशासकांशी बोलायचं, मग मैदानाच्या मालकाशी, मग ज्यांनी तारणावर कर्ज दिलं त्यांच्याशी. करखात्याची कोट्यवधी पौंडांची थकबाकी वेगळीच, आणि डिसेंबर 2020 पासून इथल्या कायद्यात करखात्याला इतर बऱ्याच घेणेकऱ्यांच्या पुढची जागा मिळालेली. शिवाय मिडल्सब्रो आणि वायकोंब या क्लबांचे नुकसानभरपाईचे दावे. मिडल्सब्रो 2019 साली आमच्याहून एका गुणाने मागे राहिला आणि बढतीच्या प्लेऑफला मुकला. वायकोंब 2021 मध्ये एका गुणाने खालच्या श्रेणीत गेला. आमचे हिशेब सरळ असते तर हे झालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग मला समजतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही भांडलो असतो. पण ते दावे मिटल्याशिवाय कोणी किंमत लावायला तयार नव्हतं, आणि किंमत लागल्याशिवाय दावे मिटत नव्हते.

यात आणखी एक नियम आहे. फुटबॉलमधली देणी, म्हणजे खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांचे हप्ते, पूर्ण फेडावीच लागतात. छापखानेवाला, खानावळवाला, साफसफाईवाला यांनी मात्र पौंडामागे काही पेन्स मिळतील ते घ्यायचे. 2010 मध्ये पोर्टस्मथ हा क्लब बुडाला तेव्हा ज्यांचे पैसे थकले होते त्यांत सामन्याला प्रथमोपचार करणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. क्लब वाचवा म्हणून घोषणा देताना हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. क्लब वाचण्याची किंमत गावातलाच कोणी छोटा धंदेवाला मोजत असतो.

आणि आम्ही काय करत होतो? वाट बघत होतो. आठवड्यामागून आठवडे एकच निवेदन, बोलणी पुढे सरकत आहेत. कुणाशी, किती, कशावर अडलं, काही नाही. प्रशासकांना मी दोष देत नाही. कायद्याने ते बांधील असतात घेणेकऱ्यांना, चाहत्यांना नव्हे. पण त्यामुळे झालं असं की ज्या एका गोष्टीचा आम्ही चोवीस तास विचार करत होतो, तिच्याबद्दल काहीही कळण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. मग अफवा. अमक्याचं विमान उतरलं, तमक्याने हात काढून घेतला. कारखान्यात सकाळी कुणीतरी हसत यायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचा चेहरा पडलेला असायचा. जानेवारीत खेळाडूंचा बाजार उघडला आणि एकेक जण जाऊ लागला. काहींना विकून घरखर्च चालवायचा होता, काहींचा करार वाढवायची परवानगी नव्हती. एव्हर्टनकडून विचारणा झाली तरी प्रशिक्षक वेन रूनी थांबला. त्या महिन्यात त्याने नाही म्हटलं हे इथलं माणूस विसरणार नाही.

30 जानेवारी 2022 ला बर्मिंगहॅमविरुद्ध सामना होता. त्याआधी हजारो लोक शहरातून प्राइड पार्कपर्यंत चालत गेले, आणि मी त्यांत होतो. लेकरं खांद्यावर घेतलेले बाप, काठी टेकत चाललेल्या बायका, काळे-पांढरे स्कार्फ. कुणावर दगड नाही, कुणाला शिवी नाही. मैदानात 32 हजारांवर माणसं. आम्ही 0-2 मागे पडलो, शेवटच्या काही मिनिटांत ल्यूक प्लांजने एक गोल केला, आणि भरपाईच्या वेळात क्रिस्तियान बिएलिकने उलटी उडी मारून, पाठ जमिनीकडे करून चेंडू जाळ्यात घातला. 2-2. बरोबरीसाठी मोठी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना मी त्या दिवशी पाहिली. प्लांज तेव्हा 19 वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी तो क्रिस्टल पॅलेसला विकला गेल्याचं जाहीर झालं. हंगामापुरता उसना परत मिळाला एवढंच.

माझं उत्तर इथे आहे. मैदान क्लबच्या मालकीचं नव्हतं. खेळाडू चाललेले. खात्यात पैसा नाही, उलट डोंगराएवढं देणं. मग जो कोणी गिऱ्हाईक येणार होता तो नेमकं काय विकत घेणार होता? ते 32 हजार लोक. दर हंगामाला तिकीट काढणारे, श्रेणी घसरली तरी न हटणारे, मुलांना याच क्लबचा शर्ट घालणारे. प्रत्येक इच्छुकाच्या कागदावर आमची गर्दी हीच जमेची बाजू होती. मोर्चात आम्ही जितके जास्त आलो तितकी क्लबची किंमत राखली गेली. विक्रीला आम्ही होतो, आणि सौद्यात ज्याला काही विचारायचं नाही असा पक्षही आम्हीच होतो. एक पैसा अडकलेला नसूनही त्रास का झाला, याचं कारण हे. भागधारकाला वाईट वाटलं तर तो समभाग विकून मोकळा होतो. आमच्यापाशी विकायला काही नव्हतं आणि सोडून जायला दुसरी जागाही नव्हती.

एप्रिलमध्ये प्रशासकांनी एका अमेरिकी उद्योजकाला पसंतीचा खरेदीदार जाहीर केलं. डिसेंबरात एकदा माघार घेतलेलाच तो माणूस. मुदत ठरली, टळली, परत ठरली. पैसे येतच नव्हते. जूनच्या मध्याला तो कायमचा बाजूला झाला आणि काही दिवसांत रूनीनेही निरोप घेतला. पुढे 2024 मध्ये अमेरिकेत त्याच उद्योजकाला स्वतःच्या कंपनीतल्या फसवणुकीसाठी 20 वर्षांची कैद झाली. सौदा पार पडला असता तर आमचा क्लब त्याच्या हाती गेला असता. वाट बघून थकलेल्या माणसांसमोर कोणीही उभा केला तरी ती त्याला देव मानायला तयार होतात, आणि हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा धोका आहे.

त्या जूनमध्ये मला रोज बरी नावाचा क्लब आठवायचा. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या 1903 च्या अंतिम सामन्यात याच बरी क्लबने आम्हाला 6-0 ने हरवलं होतं, आणि अंतिम सामन्यातला तो विक्रमी फरक आजही कुणी मोडलेला नाही, 2019 मध्ये मँचेस्टर सिटीने फक्त त्याची बरोबरी केली. त्याच 2019 च्या ऑगस्टमध्ये बरीला लीगमधून काढून टाकलं गेलं. गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी मागे फिरलं होतं. चाहते झाडू-फडकी घेऊन गिग लेन मैदान साफ करायला गेले होते, सामने होतील या आशेने. 1885 चा क्लब. घेईल की कोणीतरी, असं मला कुणी म्हटलं की मी बरीचं नाव घेतो.

कोल्हापूरकरांना हे कळायला अवघड जातं, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे संघ तालमींचे. शाहू स्टेडियमवर पेठ उतरते ती आपल्याच पोरांसाठी. पैसा कमी पडला तर वर्गणी निघते, पुरस्कर्ता शोधला जातो, भांडणं होतात, पण तालीम बाजारात विकायला काढणं ही कल्पनाच नाही. माझं फुटबॉल तिथलं. म्हणून डर्बीत मालक क्लब विकतो म्हणजे काय हे मला आधी पटेना आणि नंतर सहन होईना. पुणेकर मित्रांना मात्र लवकर समजतं. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला, त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली, आणि स्टँडमध्ये नारिंगी झेंडे फडकवणाऱ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही. तिथे तर मोर्चा काढायलाही सवड मिळाली नाही.

आमच्यासाठी शेवटी गावातलाच माणूस उभा राहिला. बांधकाम व्यवसायातले डेव्हिड क्लाउज, लहानपणापासून याच क्लबचे चाहते. त्यांनी आधी मैदान विकत घेतलं आणि 1 जुलै 2022 ला क्लब. करारात मोजकेच खेळाडू उरले होते. महिन्याभरात लीग वनचा पहिला सामना झाला, कॉनर हुरिहेनच्या गोलने ऑक्सफर्डवर 1-0. दोन हंगामांनी, 2024 च्या एप्रिलमध्ये, आम्ही चॅम्पियनशिपमध्ये परतलो. क्लाउज यांचे उपकार मी मानतो, पण एका चाहत्यापाशी योगायोगाने तेवढा पैसा असणं याला व्यवस्था म्हणता येत नाही. पोर्टस्मथमध्ये 2013 साली चाहत्यांनी हजार-हजार पौंड घालून क्लब स्वतः घेतला आणि चार वर्षं चालवला. तो मार्गही आहे, पण एवढी देणी डोक्यावर असताना आम्हाला तो परवडणारा नव्हता.

आता हा प्रश्न मला पुन्हा येऊ लागला, कारण 2025 च्या ऑक्टोबरात शेजारचा शेफील्ड वेन्सडे प्रशासकांकडे गेला. 12 गुण गेले, आणि तिथेही मैदान वेगळ्या कंपनीच्या नावावर होतं. मे 2021 मध्ये आमच्याशी 3-3 बरोबरी होऊन तोच क्लब खाली गेला होता आणि आम्ही नाचलो होतो. मालकाच्या निषेधार्थ सामन्यांवर बहिष्कार घालणारे त्याचे चाहते प्रशासक आल्याबरोबर क्लबच्या दुकानासमोर रांगा लावून उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गर्दी हीच आपली किंमत आहे हे त्यांना ठाऊक होतं.

2025 मध्ये ब्रिटनच्या संसदेने इंग्लंडमधल्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा केला. क्लबला परवाना लागेल, मालकांची तपासणी होईल, मैदान विकायचं तर मंजुरी घ्यावी लागेल. मैदानाचं कलम आमच्या वेळी असतं तर निम्मा गुंता झालाच नसता. माझी मागणी आणखी एका गोष्टीची आहे. क्लब विक्रीला निघाला की चाहत्यांच्या नोंदणीकृत संघटनेचा एक प्रतिनिधी, गोपनीयतेची शपथ घेऊन, त्या बोलण्यांच्या खोलीत बसला पाहिजे. त्याला मत नसलं तरी चालेल. खरेदीदाराने पैसे खरंच दाखवलेत का, एवढं त्याने बघावं आणि बाहेर येऊन हो किंवा नाही सांगावं.