आधी क्रम, मग आकडे: पेनिन्शुलर नाइस वाचण्याचा माझा अनुभव

पुस्तकात पट्टिताश्म, कामावर मात्र सगळे नाइसच म्हणतात. दक्षिण कर्नाटकात जमिनीखाली बहुतेक ठिकाणी हाच करडा, पट्टेदार खडक आहे. भूवैज्ञानिक डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 साली त्याला पेनिन्शुलर नाइस हे नाव दिले, आणि त्या एका नावाखाली पुढे बरेच काही गोळा झाले. सुमारे 340 कोटी वर्षांपूर्वीचे सोडियमयुक्त खडक, त्यांत अडकलेले त्याहून जुने काळे तुकडे, नंतर घुसलेल्या गुलाबी शिरा, आणि शेवटी 250 कोटी वर्षांपूर्वीच्या भाजणीच्या, म्हणजे उष्णता-दाबाने झालेल्या रूपांतरणाच्या खुणा. हे थर सोडवायची माझी पद्धत खाली देतो. तापमान, दाब आणि वय हे तिन्ही आकडे प्रयोगशाळेत मिळतात, पण आकडा कोणत्या घटनेचा हे उघड्या खडकावरच ठरते. तिथे क्रम लावला नसेल तर आकडे नुसते तरंगत राहतात.

जागा निवडताना मी इमारती दगडाच्या चालू खाणी आणि नदीची पात्रे आधी बघतो. हिऱ्याच्या तारेने कापलेली भिंत मिळाली तर फारच उत्तम, कारण सुरुंगाने फोडलेल्या भिंतीत नव्या भेगा पडतात आणि त्या जुने सांधे समजून मोजल्या जातात. खाणीत शिरण्याआधी सुरुंगाची वेळ विचारून घ्यावी. बंगळूरच्या लालबागेतला सुमारे 300 कोटी वर्षांचा खडक बघायला उत्तम आहे, पण ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तिथे हातोडा पिशवीतच ठेवायचा.

बरोबर 1:50,000 चा नकाशा, क्लिनोमीटर कंपास, दहापट भिंग, दीड किलोचा हातोडा, घण आणि छिन्नी, चष्मा, रंगीत खडू, आणि पाण्याचा मोठा कॅन. कॅन सगळ्यांत जास्त उपयोगी. कोरड्या, धुळीच्या भिंतीवर पट्टे दिसतच नाहीत. पाणी मारले की करडा, पांढरा, काळा असे तिन्ही वेगळे उठून येतात. मग एक मीटर चौरसावर दोरीने वीस सेंटिमीटरची जाळी ताणतो आणि कागदावर तेवढाच चौरस काढतो. फोटो घेतोच, पण चित्र काढताना प्रत्येक रेघ कुठे संपते हे ठरवावे लागते. फोटो तो प्रश्न विचारत नाही.

आता वाचन. नियम जुनाच आहे, जो कापतो तो धाकटा. पण नाइसमध्ये तो नियम फसवतो, कारण प्रचंड ताणाखाली सगळे काही समांतर होऊन जाते. आडव्या घुसलेल्या शिरासुद्धा लोळून पट्ट्यांना समांतर बसतात आणि सगळे एकाच वेळचे वाटते. म्हणून सुंदर, सरळ पट्ट्यांच्या भिंतीवर मी वेळ घालवत नाही. ताण कमी पडलेली जागा शोधतो, म्हणजे जिथे पट्टे वेडेवाकडे, जाड आणि अस्पष्ट आहेत अशी. छेदणारे संबंध तिथेच शिल्लक असतात. घट्ट घडीचे टोकही असेच मौल्यवान. घडीच्या दोन्ही बाजू पट्ट्यांना समांतर असल्याने घडी आहे हेच कळत नाही. कळते ते फक्त टोकावर, आणि टोक मैलभरात एकदा दिसते.

काळ्या ॲम्फिबोलाइटच्या (एका गडद रूपांतरित खडकाच्या) तुकड्यांवर नवशिके हमखास चुकतात. तुकडा नाइसपेक्षा जुना असेल, किंवा नाइसमध्ये नंतर घुसलेल्या डाइकचे (भिंतीसारख्या अग्निजन्य पट्टीचे) ताणून तुटलेले अवशेष असतील. दोन्ही एकसारखेच काळे, एकसारखेच लांबट. मी तीन गोष्टी तपासतो. तुकड्याच्या आतले फोलिएशन (खनिजांची समांतर मांडणी) त्याच्या कडेला तुटते का? तुटत असेल तर तुकडा नाइसमध्ये येण्याआधीच एकदा रूपांतरित झाला होता. नाइसचे फाटे तुकड्यात शिरतात का? शिरत असतील तर तुकडा जुना. आणि तुकड्यांची ओळ पुढे चालत गेल्यावर कुठे पट्ट्यांना तिरपी कापते का? कापत असेल तर तो डाइकच. या ओळीमागे शंभर-दोनशे मीटर चालावे लागते. लोक पाच मीटरवर थांबतात.

पांढऱ्या शिरांची कसोटी आणखी सोपी आहे. शिरेच्या दोन्ही काठांना बायोटाइट-हॉर्नब्लेंड या गडद खनिजांची बारीक काळी किनार असेल तर खडक जागच्या जागी वितळला, पांढरा भाग बाजूला झाला आणि न वितळलेली खनिजे काठाला उरली. किनार नसेल, कडा तीक्ष्ण असेल आणि शीर पट्टे कापत जात असेल, तर ती बाहेरून आलेली आहे. पहिली शीर म्हणजे तापमानाचा पुरावा. दुसरी त्या जागेच्या तापमानाबद्दल काहीच सांगत नाही.

कंपासबाबत एक ताकीद. मॅग्नेटाइट असलेल्या खडकावर टेकवला की सुई भरकटते. चुंबक लावून पाहावे, आणि तो चिकटला तर मीटरभर दूर उभे राहून दिशा घ्यावी.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे तसा हा खडक अधिकाधिक खोलीतला होत जातो. जणू कवचाचा एक कललेला काप उघडा पडला आहे. चित्रदुर्गाच्या बाजूला रूपांतरण सौम्य, मध्ये ॲम्फिबोलाइट संलक्षणी (ठरावीक दाब-तापमानात बनणाऱ्या खनिजांचा गट), आणि पार दक्षिणेला त्याहून तापलेली ग्रॅन्युलाइट संलक्षणी. रामनगरच्या जुन्या नावावरून ओळखला जाणारा क्लोजपेट ग्रॅनाइट सुमारे 400 किलोमीटर उत्तर-दक्षिण धावतो. त्याचे वय 251 कोटी वर्षांच्या जवळपास आहे, म्हणून तो कालमापनाच्या पट्टीसारखा वापरता येतो. त्याने कापलेली घडी त्याच्याआधीची.

कब्बाळदुर्गाजवळच्या खाणीचे महत्त्व इथेच आहे. करडा हॉर्नब्लेंड-बायोटाइट नाइस भेगांच्या आणि घसरपट्ट्यांच्या कडेने तेलकट, काळपट हिरव्या चार्नोकाइटमध्ये बदलताना तिथे दिसतो, तोही हातभर अंतरात. भूवैज्ञानिक सी. एस. पिचमुथू यांनी 1960 मध्ये हे बदलणे नोंदवले. पाणी धरून ठेवणारी खनिजे मोडून ऑर्थोपायरोक्झिन हे बिनपाण्याचे खनिज तयार होते, आणि त्यामागे कार्बन डायऑक्साइडने समृद्ध द्रव खडकात शिरून पाण्याचा वाटा कमी करतो, असे स्पष्टीकरण पुढे आले. क्वार्ट्झमधल्या सूक्ष्म थेंबांत कार्बन डायऑक्साइड सापडतो, तो त्याला धरून आहे. हिरव्या डागात पट्टे पुसट होतात आणि कण मोठे होतात. म्हणजे डाग पट्ट्यांनंतरचा. माझ्या मते संपूर्ण प्रदेशात एका दिवसात सर्वांत जास्त शिकवणारी भिंत हीच.

पण चार्नोकाइटचा नकाशा करताना दोन खड्डे आहेत. झिजलेला पृष्ठभाग पांढरट-तपकिरी होतो आणि साध्या नाइससारखा दिसतो. प्रत्येक थांब्यावर ताजा तुकडा फोडला नाही तर सीमा किलोमीटरने चुकते. दुसरे, उलटा प्रवासही होतो. नंतर पाणी शिरले की चार्नोकाइट भेगांच्या कडेने पुन्हा फिकट पडतो. मग हिरवा आधी की करडा? हे भिंतीवर नेहमी सुटत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली सुटते. ऑर्थोपायरोक्झिनभोवती हॉर्नब्लेंड-बायोटाइटची कडी असेल तर खडक परतीच्या वाटेवर आहे.

नमुना फोडण्याआधी त्यावर उतार-दिशेची खूण आणि वरच्या बाजूचा बाण काढून घेतो. फोडल्यानंतर काढलेला बाण म्हणजे अंदाज. थिन सेक्शनसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ कापासाठी) मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा पुरतो. रासायनिक विश्लेषणाला 3 ते 5 किलो, झिर्कॉनसाठी (वय देणाऱ्या खनिजासाठी) 5 ते 10 किलो. जाड पट्ट्यांच्या खडकात पट्टे वेगळे कापून वेगळ्या पिशवीत भरायचे. करडा भाग आणि पांढरी शीर एकत्र दळली तर दोन वयांची खिचडी होते.

थिन सेक्शन फोलिएशनला काटकोनात आणि ताणाच्या रेषेला समांतर कापावा, नाहीतर घसरण कोणत्या दिशेने झाली ते दिसत नाही. काचेला चिकटवण्याआधी काप पूर्ण सुकलेला हवा. ओल राहिली की इपॉक्सीत बुडबुडे येतात आणि शेवटच्या घासणीत नेमका तोच भाग उडतो. जाडी 0.03 मिलिमीटर. क्वार्ट्झ करडा ते पांढरट दिसला की थांबायचे, पिवळा-नारिंगी दिसतोय तोवर काप जाड आहे. बायोटाइट कडेने उपटून येतो, म्हणून शेवटची घासणी 1000 नंबरच्या भुकटीने, हलक्या हाताने. प्रोबसाठी (इलेक्ट्रॉन किरणाने खनिजाचे रसायन मोजणाऱ्या यंत्रासाठी) पुढे हिऱ्याची पेस्ट, 6, 3 आणि 1 मायक्रॉन.

साध्या करड्या नाइसमधून दाब-तापमान काढायचा हट्ट धरू नये. क्वार्ट्झ, प्लॅजिओक्लेज, थोडा बायोटाइट एवढ्यावर फार काही हाती लागत नाही. तामडी (गार्नेट) असलेले ॲम्फिबोलाइटचे तुकडे किंवा गाळाच्या खडकापासून झालेले सिलिमनाइटयुक्त पट्टे शोधावेत. प्रोबवर 15 किलोव्होल्ट आणि 15 ते 20 नॅनोॲम्पिअर मी ठेवतो. तामडीवर किरण 1 मायक्रॉनचा, अभ्रक आणि फेल्डस्पारवर 3 ते 5 मायक्रॉनपर्यंत पसरवलेला, नाहीतर सोडियम उडून जातो. तामडीतल्या ऑक्साइडांची बेरीज 98.5 ते 101 टक्के आणि 12 ऑक्सिजनवर आठच्या जवळ धनायन आले तरच विश्लेषण ठेवायचे. बायोटाइटची बेरीज 95-96 आली तर घाबरू नये, उरलेले बहुतेक पाणी आहे.

तामडी आणि बायोटाइट एकमेकांना चिकटून असतील तर थंड होतानाही लोह-मॅग्नेशियमची देवघेव चालू राहते. त्यामुळे काठावरची जोडी 550 अंश सेल्सियस दाखवते आणि खडक खरे तर 700 च्या वर जाऊन आलेला असतो. तामडीचा गाभा आणि तिच्यापासून दूरचा बायोटाइट ही जोडी बरी, पण तामडी काठाने विरघळलेली असेल तर तिचे लोह दूरच्या बायोटाइटमध्येही पोचते आणि तापमान उगाच वर चढते. काठावर मँगनीज वाढलेले दिसले तर हाच प्रकार समजावा. एवढे सांभाळूनही 50 अंश आणि 1 किलोबार इकडेतिकडे धरावेच लागतात. ॲम्फिबोलाइट ते ग्रॅन्युलाइट अशा या संक्रमण पट्ट्यात साधारण 700 ते 750 अंश आणि 5 ते 7 किलोबार येतात, म्हणजे 18 ते 25 किलोमीटर खोली. आज त्याच जागेखाली आणखी 35 किलोमीटरहून जाड कवच आहे, हे लक्षात आले की ही झीज केवढी असेल याचा विचार सुरू होतो.

महाराष्ट्रात बेसॉल्टवर राहणाऱ्या आपल्याला हा पाया लांबचा वाटतो, पण तो आपल्याही खाली आहे. किल्लारीला खणलेल्या खोल बोअरमध्ये 338 मीटर बेसॉल्टनंतर, कोयनेजवळ गोठणे गावच्या बोअरमध्ये 1,247 मीटरनंतर नाइस-ग्रॅनाइटचा पाया लागला. गाभ्याच्या नमुन्यांवर हीच पद्धत चालते, फक्त दिशा हरवलेली असते आणि बोटाएवढ्या जाडीत छेदणारे संबंध नशिबानेच मिळतात.

झिर्कॉन शेवटी. दळण 250 मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, धुऊन, चुंबकाने आणि जड द्रवाने वेगळे करायचे. त्याची घनता 4.6 च्या पुढे असल्याने तो तळाशी जातो. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, हवा खेचणारा पंखा चालू असलेल्या कपाटाबाहेर त्याची बाटली उघडू नये. दळणाऱ्या यंत्रात आधीच्या नमुन्याचा एक कण उरला तरी तो तुमच्या खडकात दिमाखात वय दाखवतो, म्हणून दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ क्वार्ट्झ दळून फेकायचा. कण इपॉक्सीत बसवून अर्धे घासायचे आणि वय मोजणाऱ्या लेझरआधी कॅथोडोल्युमिनेसन्स चित्र (इलेक्ट्रॉन मारल्यावर कण कुठे किती उजळतो ते) घ्यायचेच. नाइसच्या झिर्कॉनमध्ये बहुधा बारीक वलयांचा अग्निजन्य गाभा असतो आणि त्यावर रूपांतरणात चढलेली निर्वलय कड. लेझरचा ठिपका 25 ते 35 मायक्रॉनचा आणि कड 15 ची, तर येणारे वय ना गाभ्याचे ना कडेचे. थोरियम-युरेनियम गुणोत्तर 0.1 च्या खाली गेले तर कड रूपांतरणाची असण्याचा संभव वाढतो. मात्र ग्रॅन्युलाइटमध्ये ते वरही राहते, म्हणून एकट्या गुणोत्तरावर निकाल देत नाही.

आता भिंतीवरच्या चित्राकडे परत. एक तक्ता करतो: घटना, तिचा कापण्याचा पुरावा, त्या वेळची खनिजे, दाब-तापमान, वय. गाभ्याचे वय मूळ खडकाच्या ओळीत, कडेचे वय ज्या फोलिएशनमध्ये ती खनिजे वाढली त्या ओळीत. टायटनाइट 650 ते 700 अंशांच्या आसपास किरणोत्सारातून बनलेले शिसे धरू लागतो आणि बायोटाइट सुमारे 300 अंशांखाली आर्गॉन, म्हणून त्यांची वये थंड होण्याच्या ओळीत जातात, भाजणीच्या नव्हे. दुसऱ्या घडीच्या ओळीत वयाचा रकाना बहुधा रिकामाच राहतो, कारण त्या घडीत नवे खनिज वाढलेले नसते. तो रिकामाच ठेवतो. प्रत्येक नमुन्याचा एक तृतीयांश न दळता, बाणाच्या खुणेसह, पिशवीत बाजूला राहतो.